वेदनाशामक गोळ्या आणि आपली हाडे
(मंडळाच्या आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला येथे बोलाविले आणि विषयही मंडळानेच सुचविला, याबद्दल प्रथम आभार मानतो. विषय वरवर साधा दिसतो. अंग दुखले, गोळी घेतली, बरे वाटले. यात तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे मागे बसलेल्या तरुण मंडळींच्या मनात आले असेल. परंतु औषधाच्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला आमची बरीच वर्षे गेली आहेत. डॉक्टरांकडे माणूस आजारी पडल्यावर जातो; आमच्याकडे तो कामावर जाताना येतो. सकाळी सात ते नऊ या वेळात हमाल येतात, गवंडी आणि त्यांच्या हाताखालच्या बाया येतात, सफाई कामगार येतात, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनी येतात. मागणी एकच असते: "अंगदुखीच्या दोन द्या." त्यांतले कित्येक जण ही गोळी चहासारखी रोज घेतात. कारण आज अंग धरले म्हणून घरी बसले तर आजचा रोज बुडतो. तेव्हा आज आम्ही जे सांगणार आहोत ते या लोकांना दोष देण्यासाठी नाही. ज्या शरीराच्या बळावर पोट भरते त्या शरीराच्या सांगाड्याचे या गोळीमुळे काय होते, एवढेच सांगायचे आहे.

आधी हाडाविषयी. शाळेत सांगाडा टांगलेला पाहिला की हाड म्हणजे वाळलेले लाकूड असे वाटते. जिवंत माणसाच्या अंगातील हाड तसे नसते. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात आणि दोन प्रकारच्या पेशी सतत कामाला लागलेल्या असतात. एक जात जुने हाड पोखरून काढते, दुसरी त्या जागी नवे भरते. जुन्या भिंतीची सैल झालेली वीट काढून नवी बसवावी तसे हे काम आयुष्यभर चालते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. तिशीपर्यंत बांधकाम पुढे असते, नंतर हळूहळू पोखरण पुढे जाऊ लागते, आणि स्त्रियांमध्ये पाळी बंद झाल्यावर काही वर्षे ती फारच वेगाने पुढे जाते. आजी घरातल्या घरात घसरून पडली आणि खुबा मोडला, असे आपण ऐकतो त्याचे मूळ येथे आहे.

हे तोडणे आणि बांधणे कोणाच्या सांगण्यावरून चालते? शरीरात निरोप पोचविणारी अनेक रासायनिक द्रव्ये आहेत. त्यांपैकी एका गटाला प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. कोठे मार लागला, जंतू शिरले, हाड मोडले की तेथे हे द्रव्य तयार होते. त्यामुळे तेथील रक्तपुरवठा वाढतो, जागा लाल होते, सुजते, गरम होते आणि दुखते. दुखणे हा या द्रव्याचा एक उद्योग झाला. दुसरा उद्योग दुरुस्तीचा. हाड पोखरणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या, दोन्ही पेशींना कामाला लावणाऱ्यांत प्रोस्टाग्लँडिनचा मोठा हात असतो.

याचा एक विलक्षण पुरावा तान्ह्या मुलांत मिळाला. काही बाळे हृदयाचा जन्मजात दोष घेऊन येतात. शस्त्रक्रिया होईपर्यंत एक महत्त्वाची रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून त्यांना शिरेतून प्रोस्टाग्लँडिन देतात. ज्या बाळांना हे औषध बरेच दिवस द्यावे लागले त्यांच्या हातापायांच्या हाडांवर बाहेरून नव्या हाडाचा थर चढलेला क्ष-किरण चित्रात दिसला. औषध बंद केल्यावर तो हळूहळू ओसरला. हे द्रव्य हाड बांधायला लावते, याहून स्पष्ट दाखला माणसांत मिळणे कठीण.

आता गोळीकडे वळू. अ‍ॅस्पिरिन १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार झाले. सारे जग ते घेत होते, पण ते काम कसे करते हे सत्तर वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. १९७१ साली इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचेच काम बंद पाडतात. या संशोधनासाठी त्यांना १९८२ साली दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, इंडोमेथासिन, निमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम, एटोरिकॉक्सिब ही सारी याच कुळातील. आपल्याला ती ब्रुफेन, व्होवेरान, झिरोडॉल अशा दुकानी नावांनी ठाऊक असतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटॅमॉल ३२५ मिलिग्रॅम असते. म्हणजे "ब्रुफेन नको, कॉम्बिफ्लाम द्या" म्हणणारा माणूस तेच औषध वेगळ्या वेष्टनात घेऊन जातो. नुसते पॅरासिटॅमॉल मात्र या कुळातील नव्हे. ते ताप आणि दुखणे कमी करते, पण सूज उतरविण्याचा गुण त्यात फारसा नाही. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

प्रोस्टाग्लँडिन बनविणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, मुख्यतः दोन. त्यांना कॉक्स-एक आणि कॉक्स-दोन म्हणतात. पहिले जठराचे अस्तर सांभाळते, दुसरे इजा झालेल्या ठिकाणी जोर धरते. फक्त दुसऱ्याला अडवावे म्हणजे पोट बिघडणार नाही, या विचाराने नवी औषधे निघाली. त्यांतील रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचे झटके वाढल्याचे आढळल्याने २००४ साली जगभरातून मागे घ्यावे लागले. हाडाच्या दृष्टीने मजा अशी, की मोडलेले हाड जोडण्यासाठी नेमके कॉक्स-दोनच लागते. २००२ साली अमेरिकेतून दोन शोधनिबंध आले. ज्या उंदरांमध्ये कॉक्स-दोनचे जनुकच नव्हते त्यांची मोडलेली हाडे नीट जुळेनात. आणि ज्यांना या नव्या गोळ्या दिल्या त्यांचीही तीच गत झाली. पोट वाचविणारी म्हणून जी गोळी नावाजली गेली, ती हाडाच्या बाबतीत सौम्य नव्हती.

हाड जुळते कसे ते थोडक्यात सांगतो. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते. मग सूज येते. या सुजेतच बांधकामाची हाक असते. तिला उत्तर म्हणून नव्या पेशी येतात, कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो, काही आठवड्यांत त्यात चुना भरून तो टणक होतो आणि पुढे महिनोन्‌महिने घासूनपुसून पूर्वीचा आकार येतो. हाताची हाडे साधारण सहा ते आठ आठवड्यांत धरतात, पायाच्या लांब हाडांना तीन-चार महिने लागतात. सूज हा शत्रू आहे असे आपण मानतो. येथे ती मुकादम आहे. तिला पहिल्याच आठवड्यापासून दामटून गप्प बसविले तर मजूर येणार कोठून?

असे माणसांत खरोखर घडते का? याविषयी शल्यविशारदांना फार पूर्वीपासून एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. खुब्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या स्नायूंत, जेथे हाड नसावे तेथे हाड तयार होते आणि सांधा जखडतो. ते टाळण्यासाठी इंडोमेथासिन काही आठवडे देतात, आणि त्याचा चांगला उपयोग होतो. आता जे औषध नको असलेले हाड अडवते ते हवे असलेले हाड अडविणार नाही, असे कसे होईल? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हेच तपासले गेले. कमरेच्या हाडाची खोबण मोडली आहे आणि शिवाय हाताचे किंवा पायाचे लांब हाडही मोडले आहे, असे ते रुग्ण होते. इंडोमेथासिन दिलेल्यांपैकी २६ टक्के लोकांचे लांब हाड जुळले नाही. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. त्याआधी २००० साली इंग्लंडमधील एका अभ्यासात मांडीचे हाड न जुळलेले ३२ रुग्ण आणि जुळलेले ६७ रुग्ण यांची तुलना झाली. न जुळलेल्यांमध्ये या गोळ्या घेणारे ठळकपणे जास्त निघाले.

एवढे ऐकून कोणी घरी जाऊन गोळ्यांची पट्टी खिडकीबाहेर टाकू नये. दुसरी बाजूही आहे. ज्याला दुखते तो जास्त गोळ्या घेतो, आणि ज्याचे हाड जुळत नाही त्याला जास्त दुखते. मग गोळीमुळे हाड जुळले नाही की हाड जुळत नव्हते म्हणून गोळ्या वाढल्या, हे अशा अभ्यासांतून सुटे करणे अवघड असते. पुढे २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहण्यात आले. प्रौढांमध्ये या गोळ्यांनी हाड न जुळण्याचा किंवा उशिरा जुळण्याचा संभव सुमारे दुपटीने वाढल्याचे दिसले. परंतु थोडे दिवस, कमी मात्रेत घेतल्यास असा परिणाम दिसला नाही, आणि लहान मुलांमध्येही दिसला नाही. मुलांची हाडे इतकी झपाट्याने भरतात की थोडा अडथळा ती सहज ओलांडतात. म्हणून हात मोडलेल्या मुलाला डॉक्टरांनी तीन दिवस आयबुप्रोफेन दिले तर आईने घाबरण्याचे कारण नाही. चाळिशीच्या, तंबाखू मळणाऱ्या, नडगी मोडलेल्या माणसाने प्लॅस्टरमध्ये असताना दोन महिने रोज दोन वेळा डायक्लोफेनॅक खावे, हे मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. तंबाखू आणि बिडी हाड जुळण्याला वेगळाच अडथळा करतात. मिश्रीही तंबाखूच आहे, हे माता-भगिनींनी विसरू नये.

हाड मोडलेले नाही, नुसती वर्षानुवर्षे गोळी चालू आहे, अशा माणसाचे काय? त्याचे हाड ठिसूळ होते का? येथे उत्तर सरळ नाही, आणि ते सरळ करून सांगण्याचा मोह आम्ही टाळतो. प्रोस्टाग्लँडिन पोखरणाऱ्यालाही हाक देते आणि बांधणाऱ्यालाही. दोघांनाही गप्प केल्यावर पारडे कोणीकडे झुकेल हे वयावर आणि लिंगावर अवलंबून राहते. कॅनडातील २००६ सालच्या एका पाहणीत कॉक्स-दोन अडविणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्या पुरुषांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी निघाली, तर पाळी गेलेल्या आणि संप्रेरके न घेणाऱ्या स्त्रियांची जास्त निघाली. एकाच गोळीचे दोन निकाल! मग अ‍ॅस्पिरिनने म्हाताऱ्या माणसांची हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होईल काय, अशी आशा काहींना वाटली. ऑस्ट्रेलियात १६,७०३ वृद्धांवर याची रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. रोज थोडे अ‍ॅस्पिरिन घेऊन अस्थिभंग कमी झाले नाहीत. उलट दवाखान्यात न्यावे लागेल असे पडण्याचे प्रसंग थोडे वाढले. तेव्हा हाड मजबूत व्हावे म्हणून ही गोळी घ्यावी, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

विद्यार्थी मित्रांसाठी एक गोष्ट खास सांगायची आहे. आपल्या वस्तीतील कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीची आणि सैन्याची तयारी करतात. मुलगे सोळाशे मीटरसाठी आणि मुली आठशे मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, तेही अनेकदा झिजलेल्या बुटांनी. नडगी दुखू लागली की दुकानातून गोळी घेऊन पुन्हा धावतात. सततच्या आघाताने हाडात बारीक तडे जातात. ते भरून निघायला विश्रांती लागते, आणि व्यायामामुळे हाड मजबूत होण्याची जी क्रिया आहे तिलाही प्रोस्टाग्लँडिन लागते. अमेरिकेच्या सैन्यातील तेरा लाखांवर सैनिकांच्या नोंदी तपासून २०१९ साली असे आढळले की ज्यांना या गोळ्या लिहून दिल्या होत्या त्यांच्यात अशा तड्यांचा संभव सुमारे तिप्पट होता, आणि सुरुवातीच्या खडतर प्रशिक्षणात पाचपटीहून अधिक. प्रामाणिकपणे हेही सांगतो, की त्याच नोंदींत पॅरासिटॅमॉल घेणाऱ्यांमध्येही धोका वाढलेला दिसला. म्हणजे सारा दोष गोळीच्या रसायनाचा नसावा. दुखणे हा तड्याचा इशारा होता. गोळीने तो दाबला आणि मुलगा धावत राहिला, असेही असू शकते. कारण कोणतेही असो, नडगीच्या एकाच बोटभर जागेवर दाबले असता दुखत असेल तर तीन-चार आठवडे धावणे बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. भरती पुढच्या वेळीही येते.

गोळीबरोबर "गॅसची गोळी" देण्याची पद्धत आहे. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल ही ती नावे. वेदनाशामक गोळीने पोटात व्रण पडतो म्हणून डॉक्टर ती जोडून देतात, आणि थोड्या दिवसांसाठी ते योग्यच आहे. पण गोळी थांबली तरी गॅसची गोळी थांबत नाही. वर्षानुवर्षे सकाळी उपाशीपोटी ती घेणारी माणसे आमच्या पाहण्यात आहेत. जठरातील आम्ल कमी झाले की अन्नातील आणि गोळीतील कॅल्शियम नीट विरघळत नाही. दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये खुबा, मनगट आणि मणके मोडण्याचा संभव वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली दिला. एका गोळीचा त्रास निवारण्यासाठी दुसरी, आणि दुसरीचा भार पुन्हा हाडावरच.

मित्रहो, आता या विषयातील सर्वांत गंभीर गोष्टीकडे येतो. आतापर्यंत ज्या गोळ्यांविषयी बोललो त्यांचा हाडावरील परिणाम मर्यादित आहे. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दवाखान्यात पुडी मिळते. कागदात तीन-चार सुट्या गोळ्या, नाव नाही, पट्टी नाही. दोन तासांत कंबर मोकळी होते आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, अशी ख्याती पंचक्रोशीत होते. त्या पुडीत पुष्कळदा एक बारीक गोळी स्टेरॉइडची असते: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन. काही जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या चूर्णांतही स्टेरॉइड मिसळलेले सापडते.

स्टेरॉइड हे मोठे औषध आहे, यात शंका नाही. संधिवाताने खिळलेली माणसे कॉर्टिसोनने उठून चालू लागली, तो प्रयोग फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९४८-४९ साली केला आणि १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. दमा, काही मूत्रपिंडाचे विकार, काही रक्तविकार यांत ते प्राण वाचविते. परंतु हाडाच्या बाबतीत त्याच्याइतके घातक औषध रोजच्या वापरात दुसरे क्वचित असेल. ते हाड बांधणाऱ्या पेशींनाच मारते, आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यात अडथळा आणते आणि स्नायूही दुबळे करते. प्रेडनिसोलोनच्या रोजच्या पाच मिलिग्रॅमने, तीन महिन्यांच्या आत, हाड मोडण्याचा धोका वाढू लागतो. पहिल्या सहा महिन्यांतच हाडाचा सर्वांत मोठा ऱ्हास होतो. शिवाय खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरतो. कोविडच्या साथीत स्टेरॉइड दिलेल्या काही तरुण रुग्णांचा खुबा असा बिघडल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले. तेथे जीव वाचविण्यासाठी ते द्यावेच लागले होते. कंबरदुखीच्या पुडीतून ते देण्याला असे कोणतेही कारण नाही.

ओळखावे कसे? चेहरा गोल होतो, भूक वाढते, पोट सुटते, हातपाय बारीक राहतात, कातडीवर सहज निळे डाग पडतात, साखर आणि रक्तदाब वाढतो. आणि पुडी बंद केली की दोन दिवसांत अंग इतके गळते की माणूस पुन्हा त्याच दारात जातो. महिनोन्‌महिने अशी पुडी घेतलेल्याने ती एकदम सोडू नये, हे फार महत्त्वाचे आहे. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनविणे थांबविलेले असते. एकदम सोडल्यास जिवावर बेतू शकते. सरकारी रुग्णालयात जाऊन सर्व खरे सांगावे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी.

विदर्भातील मंडळींसाठी आणखी एक विषय टाळता येणार नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. तो आदिवासी समाजांत आहे, तसा अनुसूचित जातींत आणि आपल्या बौद्ध कुटुंबांतही आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. त्या कळांसाठी मूल लहानपणापासून वेदनाशामक गोळ्या घेत वाढते. या आजारात खुब्याचा गोळा आपोआपही मरतो आणि मूत्रपिंडेही आधीच नाजूक असतात. त्यावर डायक्लोफेनॅकचा रोजचा मारा म्हणजे दुहेरी नुकसान. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे प्रसंग कमी होतात, हे १९९५ पासून सिद्ध झाले आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रक्ततपासणी करीत नियमित घेतले तर वेदनाशामक गोळ्यांची गरजच घटते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ पासून सुरू झाले आहे, तपासणीची सोय आहे. वधू-वर मेळावे आपले मंडळही घेते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याचा संभव चारात एक असतो. मेळाव्याच्या अर्जात या तपासणीचा एक रकाना घालावा, अशी आमची पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. पत्रिका पाहण्यापेक्षा हा कागद पाहणे केव्हाही बरे.

या गोळ्यांचा हाडावरील आणखी एक परिणाम कोणत्याही सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. तो म्हणजे आजार झाकणे. पाठीच्या मण्याचा क्षय आपल्या देशात अजून आहे. पाठ दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते. गोळीने दुखणे आणि ताप दोन्ही मावळतात आणि मणका आत झिजत राहतो. एके दिवशी पाय लुळे पडतात. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात आणि मणका ढासळण्यापूर्वी सुरू केली तर बहुतेक माणूस पूर्ण बरा होतो. आमवाताचेही तसेच. सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली राहतात, दोन्ही मनगटे सुजतात, अशी लक्षणे असतील तर आतला दाह हाड कुरतडत असतो. वेदनाशामक गोळी दुखणे घालविते, कुरतडणे थांबवीत नाही. ते काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचे आहे, आणि ते पहिल्या वर्षी सुरू करणे व बोटे वाकडी झाल्यावर सुरू करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरकाम करणाऱ्या आणि उन्हात न जाणाऱ्या भगिनींना सर्वांगाची हाडे ठणकतात, जिना चढवत नाही. तेथे पुष्कळदा ड जीवनसत्त्वाची उणीव असते. अशांना वर्षभर गोळ्या खाऊन काय मिळणार?

गोळी साधी समजू नये म्हणून जाता जाता एक दाखला. आपल्याकडची गिधाडे दिसेनाशी झाली, त्याचे मुख्य कारण डायक्लोफेनॅक. हे औषध दिलेली जनावरे मेली, गिधाडांनी ती खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी ते बंद झाले. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण मूत्रपिंड त्यालाही आहे, आणि उन्हात घाम गाळून, पाणी न पिता काम करणाऱ्याचे मूत्रपिंड या गोळीने अधिक लवकर दुखावते.

आता आपल्याकडून आलेल्या चिठ्ठ्या. वीसेक आहेत, सर्वांना उत्तर देणे शक्य नाही.

एका भगिनीने विचारले आहे, "मग दुखल्यावर घ्यावे काय?" साध्या अंगदुखीला आधी शेक, तेलाने हलके चोळणे, एक दिवस जड उचलणे टाळणे. गोळी लागलीच तर नुसते पॅरासिटॅमॉल. मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर कधीही नाही. ६५० ची गोळी असेल तर सहा म्हणजे हद्द झाली. अंगाने बारीक असणाऱ्याला, काविळीचा इतिहास असणाऱ्याला आणि दारू पिणाऱ्याला त्याहून पुष्कळ कमी, कारण ते यकृतावर जाते. लाल रेघ असलेली पट्टी चिठ्ठीशिवाय मागू नये. आम्हीही देऊ नये, आणि काही दुकानदार देतात हे आम्हाला ठाऊक आहे.

दुसरी चिठ्ठी: "हाड मोडले तर डॉक्टरांना काय विचारावे?" दोनच प्रश्न. ही सूज उतरविणारी गोळी आहे का, आणि किती दिवस घ्यायची? पहिले काही दिवस दुखणे भयंकर असते, त्या वेळी डॉक्टर जे देतील ते घ्यावे. सोसत पडून राहण्यातही तोटाच आहे. पुढे महिनाभर तीच चिठ्ठी दाखवून आणत राहू नये.

तिसरी एका आजोबांची: "हृदयासाठी अ‍ॅस्पिरिनची बारीक गोळी चालू आहे, ती बंद करू का?" नाही. ती ७५ मिलिग्रॅमची आहे आणि वेगळ्या कारणासाठी आहे. आपल्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये. मात्र तिच्या जोडीला स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन घेऊ नये; ते अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणते.

शेवटची चिठ्ठी आहाराविषयी आहे. प्रौढ माणसाला दिवसाला एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे आपल्या आयुर्विज्ञान परिषदेने २०२० साली ठरविले. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. नाचणीची भाकरी, आंबील, तीळ, राजगिरा, दूध-ताक, आणि जे खातात त्यांच्यासाठी काट्यासकट चावून खाल्लेले सुकट-बोंबील. बाजारातील महागड्या डब्यांची गरज नाही. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसावे. गुडघा दुखणाऱ्यांनी खुर्चीवर बसून पाय सरळ वर उचलण्याचा जो व्यायाम आहे, तो आमच्या सहकारी भगिनी आता खालच्या सभागृहात करून दाखवतील. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्यासाठी त्या येथेच वर येतील.